मदतीचा मेळ आणि वाटणीचा अधिकार



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग सार्वजनिक संस्थांचे जमाखर्च चोख ठेवण्यात वेचला. आणि ज्याच्यासाठी निधी गोळा झाला त्याला त्या निधीचा हिशेब सर्वांच्या आधी दिसला पाहिजे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय, म्हणजे युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांच्या पुनर्रचनेसाठी येणाऱ्या आंतरराष्ट्रीय मदतीचा मेळ कसा घालावा हा प्रश्न, प्रथमदर्शनी त्यांच्या कार्यक्षेत्रापासून फार दूरचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास तेथे हाच आग्रह उभा आहे, असे माझ्या अभ्यासाअंती झालेले मत आहे.

युद्ध थांबते त्या दिवशी पराभूताच्या आणि विजेत्याच्याही दारात एकाच वेळी अनेक गरजा येऊन उभ्या राहतात. पूल पडलेले असतात म्हणून कोळसा हलत नाही, कोळसा हलत नाही म्हणून कारखाने बंद असतात, कारखाने बंद म्हणून शेतकऱ्याला नांगर आणि खत मिळत नाही, आणि शहरात विकत घेण्याजोगे काही नाही म्हणून शेतकरी आपले धान्य बाजारात आणीत नाही. या साखळीची कोणतीही एक कडी सुटी घेऊन जोडता येत नाही. आणि नेमक्या याच वेळी मदत घेऊन येणारे मात्र सुटेसुटे येतात. प्रत्येकाचे दप्तर निराळे, नियम निराळे, मुदती निराळ्या, आणि पुष्कळदा हेतूही निराळे. मग एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही अशी अवस्था होते. एका गावात तीन दवाखाने उभे राहतात आणि शेजारच्या तालुक्यात एकही नाही, असे घडू लागते. यावर सर्वसाधारणपणे सुचविला जाणारा उपाय म्हणजे दात्यांनी आपसांत मसलत करावी, एक समिती नेमावी, कामे वाटून घ्यावीत. हा उपाय मला अपुरा वाटतो. मदतीचा खरा मेळ दात्यांच्या समितीत बसत नाही. मदत घेणाऱ्यांना एका बैठकीत बसवून, एकमेकांच्या वह्या उघडून पाहण्यास लावून, वाटणीचा अधिकार आणि त्या अधिकाराची जोखीम ही दोन्ही त्यांच्याच गळ्यात घातली, तरच तो बसतो. हे माझे प्रतिपाद्य आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम युरोपात सापडतो.

१

त्या कथेचा पहिला अध्याय बहुधा विस्मृतीत जातो. ९ नोव्हेंबर १९४३ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये चव्वेचाळीस राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एका करारावर सह्या केल्या आणि 'उन्रा' या संक्षिप्त नावाने पुढे ओळखली गेलेली साहाय्य व पुनर्वसन संस्था जन्मास आली. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार होण्यास अजून दीड वर्षाहून अधिक अवकाश होता. ज्यांच्या भूमीवर शत्रूचे पाऊल पडले नव्हते अशा राष्ट्रांनी आपल्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा एक हिस्सा द्यावा, असे ठरले. अमेरिकेचे हर्बर्ट लेहमन हे तिचे पहिले मुख्याधिकारी. पुढे न्यूयॉर्कचे माजी महापौर ला गार्डिया यांनी ती धुरा घेतली. या संस्थेने धान्य, बियाणे, दुभती जनावरे, औषधे आणि रेल्वेची इंजिने पोलंड, युगोस्लाव्हिया, ग्रीस, इटली आणि चीन येथे पोहोचविली, आणि निर्वासितांच्या असंख्य छावण्या चालविल्या.

यांपैकी एक छावणी आपल्या दाराशी होती, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेल्या आणि इराणमार्गे बाहेर पडलेल्या पोलिश कुटुंबांसाठी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये जी वसाहत वसली, तीत सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले आणि वृद्ध राहत होते. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, बाजार होता; आणि पोलंडच्या परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली गेल्यावर त्यांच्या पोटापाण्याची तजवीज उन्राकडे आली. पंचगंगेच्या काठी पोलिश मुले शाळेत जात होती त्याच सुमारास बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती. उन्राचे कार्यक्षेत्र शत्रूच्या ताब्यातून मुक्त झालेल्या प्रदेशापुरते आखलेले असल्यामुळे बंगालचा दुष्काळ, तो युद्धकाळातील धोरणांनीच ओढवलेला असूनही, त्या आखणीत बसला नाही. आणि हिंदुस्थानचे नाव मात्र वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत राहिले. मदतीची व्याख्या कोण करतो यावर मदत कोणाला मिळते हे ठरते, हा धडा आपल्याला त्या वर्षी फार मोठी किंमत देऊन मिळाला.

उन्राने असंख्य जीव वाचविले, याबद्दल तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु तिच्या रचनेत एक उणीव होती. घेणारा प्रत्येक देश संस्थेशी स्वतंत्र करार करी, आपली गरज मांडी आणि आपल्या वाट्याचा माल उतरवून घेई. शेजाऱ्याने काय मागितले आणि का मागितले, याची रुजवात करण्याचे त्याला कारण पडत नसे. खर्चाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग अमेरिकेचा होता, आणि हा पैसा आपल्याला न आवडणाऱ्या राजवटींच्या पदरात पडतो आहे, असे तेथील काँग्रेसला वाटू लागताच १९४७ च्या मध्यास युरोपातील काम आवरते घेण्यात आले. पोट भरले होते. चूल पुन्हा पेटली नव्हती.

२

१९४६-४७ चा हिवाळा युरोपला फार कठीण गेला. इंग्लंडमध्ये युद्धकाळातही न झालेले पावाचे नियंत्रण युद्ध संपल्यावर लागू करावे लागले होते. जर्मनीत चलनी नोटेपेक्षा सिगारेटीला भाव होता. आणि यंत्र, गहू, कोळसा जे काही हवे ते डॉलर देऊनच मिळण्यासारखे असताना डॉलर कोणापाशीच नव्हते. या परिस्थितीत ५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान प्रसंगी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी जे छोटेखानी भाषण केले, त्यात रकमेचा आकडा नव्हता, योजनेचा तपशील नव्हता. दोन अटी मात्र होत्या: पुढाकार युरोपने घ्यावा, आणि कार्यक्रम अनेक राष्ट्रांनी मिळून ठरविलेला, एकत्र असावा. माझ्या मते त्या भाषणाचे सारे मोल या दोन अटींत आहे.

जूनच्या अखेरीस पॅरिसमध्ये ब्रिटनचे बेव्हिन, फ्रान्सचे बिदो आणि रशियाचे मोलोतोव्ह एकत्र बसले, तेव्हा वाद याच मुद्द्यावर पेटला. मोलोतोव्ह यांचे म्हणणे असे की प्रत्येक राष्ट्राने आपल्या गरजांची स्वतंत्र यादी द्यावी. एकत्र कार्यक्रम आखणे म्हणजे लहान राष्ट्रांच्या सार्वभौमत्वात ढवळाढवळ होय. हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही; ज्याने साम्राज्याचा जाच सोसला आहे त्या देशाला तो सहज पटावा. पण त्याच सार्वभौमत्वाची ग्वाही देणाऱ्या मॉस्कोने थोड्याच दिवसांत चेकोस्लोव्हाकियाच्या मंत्र्यांना बोलावून त्यांनी दिलेला होकार मागे घ्यावयास लावला, ही वस्तुस्थिती त्या युक्तिवादाशेजारी मांडून ठेवली पाहिजे. १२ जुलै रोजी सोळा राष्ट्रांची परिषद सुरू झाली. पूर्व युरोप तिच्यात नव्हता.

त्या परिषदेचा उन्हाळा ज्यांनी अभ्यासिला आहे त्यांना ठाऊक आहे की एकत्र बसणे आणि एकत्र विचार करणे यांत किती अंतर असते. ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या अध्यक्षतेखाली प्रतिनिधी सोळा याद्या घेऊन बसले आणि त्यांची बेरीज करू लागले. बेरीज २,८०० कोटी डॉलरांच्या घरात गेली. प्रत्येकाला स्वतःचा पोलाद कारखाना हवा होता, आणि शेजाऱ्याच्या पोलादाचा विचार कोणीच केला नव्हता. प्रत्येकाने निर्यात वाढविण्याचे योजिले होते, पण ती निर्यात विकत घेण्याचे कोणीच योजिले नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याचे जॉर्ज केनन पॅरिसला आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले की ही सोळा देशांच्या खरेदीची जंत्री झाली, कार्यक्रम नव्हे. सप्टेंबरात जो अहवाल वॉशिंग्टनला गेला त्यात मागणी सुमारे २,२०० कोटींवर आली होती. पुढे काँग्रेसपुढे १,७०० कोटींचा प्रस्ताव गेला आणि प्रत्यक्षात १९५१ च्या अखेरपर्यंत सुमारे १,३०० कोटी डॉलर खर्ची पडले.

३ एप्रिल १९४८ रोजी या मदतीच्या कायद्यावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याच महिन्यात टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून नऊ हजार टन गहू भरलेले एक जहाज फ्रान्समधील बोर्डो बंदराकडे निघाले, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेचा करार झाला, जिचे मुख्य चिटणीस रोबेर मार्जोलँ हे अवघे छत्तीस वर्षांचे होते. अमेरिकेच्या बाजूने कारभार पाहण्यास स्टुडबेकर मोटार कंपनीचे अध्यक्ष पॉल हॉफमन यांना आणण्यात आले. या गृहस्थांनी पहिल्याच उन्हाळ्यात जो निर्णय घेतला त्याला मी सबंध योजनेचा कणा मानतो: पहिल्या वर्षाच्या मदतीची देशवार वाटणी अमेरिका करणार नाही, ती युरोपनेच करून आणावी.

संघटनेतील प्रतिनिधींना हे ऐकून धक्का बसला असल्यास नवल नाही. दात्याने वाटले म्हणजे कमी मिळाल्याचा राग दात्यावर काढता येतो. आपणच वाटावयाचे म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणावे लागते. ऑगस्टमध्ये चार देशांच्या चार जाणत्यांची समिती नेमण्यात आली आणि ती पॅरिसच्या गजबजाटापासून दूर शांतिली येथे जाऊन बसली. प्रत्येक देशाचा मागणीपत्रक घेऊन आलेला प्रतिनिधी समितीपुढे उभा राही आणि त्याला प्रश्न विचारले जात: इतका गहू कशासाठी, गेल्या वर्षी शिधा किती होता, हे तांबे शेजारच्या देशातून का घेता येत नाही, कर वाढविण्यास अडचण कोणती. प्रश्न विचारणारे स्वतः अर्जदारच होते, त्यामुळे कोणत्या आकड्याच्या पाठीमागे काय दडविलेले असते हे त्यांना पुरेपूर माहीत होते. दात्याच्या तपासनिसाला चकविता येते, समदुःखी शेजाऱ्याला चकविता येत नाही. समितीच्या शिफारशींवर रुसवेफुगवे झाले, काही देशांनी ती वाटणी मान्य करण्यास बराच काळ घेतला; पण अखेर सर्वांनी ती स्वीकारली. पुढील वर्षी हेच काम मार्जोलँ आणि बेल्जियमचे बॅरन स्नॉय या दोघांवर सोपविण्यात आले आणि त्यांनी ठरविलेले प्रमाण त्यापुढेही आधारभूत धरण्यात आले.

खानदेशात पांझरेच्या आणि मोसमच्या काठी जी फड पद्धतीची बागायत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचे मर्म जाणणाऱ्यांना यात काही अपरिचित वाटणार नाही. बंधाऱ्याचे पाणी थोडे असते. पण फडातले शेतकरी पीक कोणते घ्यावयाचे ते मिळून ठरवितात, पाटकरी त्यांनीच नेमलेला असतो, आणि पाळी चुकविणाऱ्याला जाब विचारणारा त्याच बांधावरचा माणूस असतो. सरकारी कालव्याच्या पाण्याला जी शिस्त हुकुमाने लागत नाही, ती येथे परस्परांच्या नजरेने लागते.

३

आता या योजनेतील पैसा प्रत्यक्षात फिरत कसा होता ते जवळून पाहू, कारण मेळ घालण्याची सारी युक्ती या फिरण्यात होती. समजा, फ्रान्समधील एका शेतकऱ्याला अमेरिकन ट्रॅक्टर हवा आहे. तो ट्रॅक्टर त्याला फुकट मिळत नाही. तो आपल्या गावच्या विक्रेत्याला त्याची किंमत फ्रँकमध्ये मोजतो. अमेरिकेतील कारखानदाराला त्याचे डॉलर अमेरिकन खजिन्यातून मिळतात. मग शेतकऱ्याने मोजलेल्या फ्रँकचे काय होते? ते फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेत एका स्वतंत्र खात्यात जमा होतात. या प्रतिरूप निधीतील शेकडा पाच हिस्सा अमेरिकेच्या प्रशासनखर्चासाठी व काही कच्च्या मालाच्या खरेदीसाठी राखलेला असे. उरलेला शेकडा पंच्याण्णव त्या देशाच्या सरकारचाच, पण तो खर्ची टाकण्यास दोघांची मंजुरी लागे. म्हणजे एकाच डॉलरने दोन कामे केली: परदेशातून यंत्र आणले, आणि स्वदेशात पुनर्रचनेचे भांडवल उभे केले.

या भांडवलाचा विनियोग प्रत्येक देशाने आपापल्या प्रकृतीप्रमाणे केला, आणि तो तसा करू दिला गेला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. फ्रान्सने झाँ मोने यांच्या योजनेनुसार वीज, कोळसा आणि रेल्वे यांत तो घातला. इटलीने रेल्वे आणि घरबांधणीकडे वळविला. ब्रिटनने जवळजवळ सारा सार्वजनिक कर्ज फेडून चलनवाढ रोखण्याकडे लावला. पश्चिम जर्मनीने १९४८ मध्ये पुनर्रचनेसाठी एक पतसंस्था स्थापिली आणि या निधीतून कारखान्यांना कर्जे दिली. ती कर्जे परत आली, पुन्हा दिली गेली, आणि तो फिरता निधी आजतागायत जर्मन उद्योगांना कर्ज पुरवीत आहे. देणगीचे असे दीर्घायुष्य मला तरी अन्यत्र आढळलेले नाही. ट्रॅक्टरचे पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याचा मान राहिला, विक्रेत्याचा धंदा राहिला, सरकारचा खजिना आणि त्यावरील संसदेचा अधिकार राहिला. परकी मदतीने देशातील नेहमीचे मार्ग बुजविले नाहीत, उलट ते वाहते केले.

मदतीच्या मेळाचे दुसरे अंग व्यापाराचे. युद्धानंतर युरोपातील देश एकमेकांशी दोनशेहून अधिक द्विपक्षीय करारांनी बांधलेले होते, आणि प्रत्येक जोडीचा हिशेब निरनिराळा मिटवावा लागत असल्याने इटलीपाशी जमलेले फ्रेंच चलन नॉर्वेची मासळी घेण्यास निरुपयोगी होते. १९५० मध्ये अमेरिकेने दिलेल्या ३५ कोटी डॉलरांच्या भांडवलावर युरोपीय देवघेव संघ उभा राहिला. प्रत्येक महिन्याच्या अखेरीस सर्व देशांची परस्पर येणीदेणी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील आंतरराष्ट्रीय बँकेत एकत्र मांडली जात, वजावट होई, आणि प्रत्येक देशाचे संघाशी एकच येणे किंवा एकच देणे उरे. त्यातील काही भाग पतीवर आणि काही भाग सोने वा डॉलर देऊन फेडावयाचा. स्टर्लिंग क्षेत्राचे व्यवहार ब्रिटनमार्फत या संघात येत असल्याने भारताच्या युरोपशी चालणाऱ्या व्यापारावरही त्याची छाया पडली. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीची आयात अनावर होऊन तिची पत संपत आली, तेव्हा संघाने केर्नक्रॉस आणि याकोबसोन हे दोन अर्थतज्ज्ञ पाठवून वही तपासून घेतली, १२ कोटी डॉलरांचे खास कर्ज दिले आणि त्याबरोबर अटीही घातल्या. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या शहरांवर जर्मन बाँब पडले होते तेच शेजारी आता जर्मनीला पत देत होते आणि तिची वही तपासत होते. काही महिन्यांत कर्ज फिटले. शत्रूंना सहकारी बनविण्याचे कार्य भाषणांनी झाले नाही. ते दरमहा मिटणाऱ्या हिशेबाने झाले.

४

या चित्रातील डाग झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. अॅलन मिलवर्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे की युरोपची उभारणी मार्शल मदत पोहोचण्यापूर्वीच सुरू झाली होती आणि त्या देशांच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करता मदतीचा आकडा लहानच होता. हे मला मान्य आहे. पण त्यामुळे माझ्या प्रतिपाद्याला बळच मिळते. रक्कम लहान असूनही परिणाम मोठा झाला असेल, तर त्याचे श्रेय रकमेच्या रचनेला द्यावे लागते.

दुसरा डाग अधिक गडद आहे. हॉलंड एका हाताने मार्शल मदत घेत असताना दुसऱ्या हाताने इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडण्यासाठी फौजा पाठवीत होता. डिसेंबर १९४८ मधील दुसऱ्या लष्करी कारवाईनंतर अमेरिकेने ईस्ट इंडीजच्या वाट्याची मदत तहकूब केली, आणि जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत बोलाविलेल्या परिषदेने आशियाचा आवाज उठविला; पण स्वतः हॉलंडचा वाटा चालूच राहिला. पैसा एका खात्यात आला म्हणजे दुसऱ्या खात्यातील पैसा मोकळा होतो, हे हिशेबनीसाला कळते तसे राजकारण्यालाही कळत असते.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरची. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थानातून जो माल आणि जी सेवा घेतली, तिच्या मोबदल्यात लंडनला साचलेल्या आपल्या स्टर्लिंग शिलकेची रक्कम १९४६ च्या सुमारास सतराशे कोटी रुपयांच्या आसपास गेली होती. हा पैसा आपला असूनही तो आपल्या सोयीने काढता येत नव्हता. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख १९४४ मध्ये युद्धोत्तर अर्थव्यवस्थेसाठी भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेस गेले, तेव्हा आपल्या प्रतिनिधिमंडळाने या शिलकेचा प्रश्न तेथे मांडला आणि ब्रिटनतर्फे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तो परिषदेच्या कक्षेत घेण्यास नकार दिला. त्याच परिषदेत आपल्या मंडळाने आणखी एक आग्रह धरला: युद्धाने पाडलेल्या देशांची पुनर्रचना महत्त्वाची आहेच, पण पारतंत्र्याने आणि दारिद्र्याने ज्यांचा विकास कधी होऊच दिला नाही त्यांचाही विचार नव्या संस्थांनी केला पाहिजे. जागतिक बँकेने पहिले कर्ज मे १९४७ मध्ये फ्रान्सला दिले, २५ कोटी डॉलरांचे. आपली पाळी नंतर आली. युरोपच्या पुनर्रचनेला आपण, मागितले नसता आणि बहुधा इच्छा नसता, कर्ज देत होतो, हे सत्य त्या काळच्या कोणत्याही गौरवग्रंथात ठळकपणे छापले जात नाही. मराठी श्रोत्यांपुढे तरी ते सांगितले पाहिजे.

५

आता या कथेशेजारी दुसरी कथा मांडतो. डिसेंबर २००१ मध्ये बॉन येथे अफगाणिस्तानच्या नव्या सरकारचा आराखडा ठरला आणि जानेवारी २००२ मध्ये टोकियोच्या परिषदेत ४५० कोटी डॉलरांहून अधिक मदतीची आश्वासने देण्यात आली. पुढील वीस वर्षांत एकट्या अमेरिकेने त्या देशाच्या पुनर्रचनेवर सुमारे १४,५०० कोटी डॉलर खर्च केले. किमतीतील फरक विचारात घेतला तरी हा आकडा मार्शल योजनेच्या पुढे जातो. समित्यांना तोटा नव्हता. कामाची वाटणीही झाली होती: अमेरिकेकडे सैन्य, जर्मनीकडे पोलीस, इटलीकडे न्यायदान, ब्रिटनकडे अफूचा बंदोबस्त, जपानकडे शस्त्रे खाली ठेवविण्याचे काम. प्रांतोप्रांती निरनिराळ्या देशांच्या लष्करी-नागरी तुकड्या शाळा आणि रस्ते बांधीत होत्या. हा बारभाईचा कारभार दात्यांनी आपसांत ठरविलेला होता. पोलिसाने पकडलेला आरोपी ज्या न्यायालयापुढे उभा राहावयाचा ते न्यायालय दुसऱ्याच देशाच्या खात्यावर होते, आणि या दोहोंना जोडणारा अफगाण मंत्री कोणाच्याच हिशेबात नव्हता. मदतीचा मोठा हिस्सा काबूलच्या खजिन्याला वळसा घालून ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यामार्फत जाई. हुशार अफगाण तरुण सरकारी नोकरी सोडून परकी कचेऱ्यांत दुभाष्याचे आणि कारकुनाचे काम पत्करीत, कारण तेथे पगार कितीतरी पट अधिक होता. राज्य उभे करण्यासाठी आलेला पैसाच राज्याची माणसे पळवू लागला.

तरीही त्याच भूमीत उलटा दाखलाही आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ऐक्य कार्यक्रमात गावाने मतदानाने आपली विकासपरिषद निवडावयाची, दर कुटुंबामागे २०० डॉलर या हिशेबाने कमाल ६०,००० डॉलरांचे अनुदान घ्यावयाचे, विहीर हवी की पूल की वीज हे स्वतः ठरवावयाचे, आणि हिशेब गावापुढे मांडावयाचा, अशी व्यवस्था होती. तीस हजारांहून अधिक गावांपर्यंत ती पोहोचली. हा पैसा दात्यांच्या एका सामायिक निधीतून सरकारमार्फत जात होता. शांतिलीच्या बैठकीत सोळा राष्ट्रांना जे करावे लागले, तेच येथे एकेका खेड्याला करावे लागत होते. आपल्या देशाने बांधलेला झरंज ते डेलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, सलमा धरण आणि काबूलचे संसदभवन ही कामेही भक्कम होती, आणि त्या रस्त्यासाठी भारतीय व अफगाण माणसांनी प्राण दिले आहेत. त्यांच्या स्मृतीला मी येथून वंदन करतो. परंतु सर्व दाते मिळून जो राज्यकारभार उभा करावयाचा होता, तो १५ ऑगस्ट २०२१ च्या एका दिवसात कोसळला.

यावर कोणी म्हणेल की फ्रान्स आणि जर्मनी येथे शतकांची मुलकी व्यवस्था होती, शिकलेले कारकून होते, न्यायालये होती. अफगाणिस्तानात ती नव्हती, म्हणून तुलना अन्यायाची आहे. आक्षेप वजनदार आहे आणि मी तो अंशतः स्वीकारतो. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. जेथे व्यवस्था जुनी आणि मुरलेली आहे तेथे मदतीने तिला वळसा घातला तरी ती कदाचित तग धरील. जेथे ती कोवळी आहे तेथे तिला वगळून केलेले प्रत्येक काम तिच्या मुळावर येते. कारभार करण्याची कुवत कारभार करूनच येते. चुका होतील, थोडा पैसा वाया जाईल, थोडा खाल्लाही जाईल. पण परक्या ठेकेदारांच्या साखळीत तो वाया गेला नाही किंवा खाल्ला गेला नाही, असे म्हणण्याचे धाडस आज कोणीही करणार नाही.

६

२००५ मध्ये पॅरिस येथेच दाते आणि घेणारे यांनी एक जाहीरनामा केला, आणि मदतीचा कार्यक्रम घेणाऱ्या देशाचा असावा, दात्यांनी त्याच्याच व्यवस्थेतून जावे, दोघांनी परस्परांस हिशेब द्यावा, अशी तत्त्वे त्यात नोंदविली. तत्त्वे निर्दोष आहेत; अंमल मात्र जेथे तेथे अडखळतो, कारण प्रत्येक दात्याला आपल्या करदात्यापुढे आपल्या निशाणाखालील इमारत दाखवावयाची असते. युक्रेनच्या पुनर्रचनेचा अंदाज २०२५ च्या आरंभी ५२,४०० कोटी डॉलरांवर गेला होता, दात्यांचे एक समन्वयपीठ जानेवारी २०२३ पासून काम करीत आहे, आणि त्या देशाने सरकारी खरेदीचे व्यवहार सर्वांना पाहता येतील अशा रीतीने उघडे ठेवण्याची जी पद्धत युद्धापूर्वीच सुरू केली होती ती त्याच्या कामी येत आहे. गाझा, सीरिया, सुदान येथेही आज ना उद्या हाच प्रश्न उभा राहणार आहे.

त्या वेळी कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा? माझ्या मते चार. पहिली, सर्व मदत एका सामायिक खात्यात यावी आणि ते खाते घेणाऱ्या देशाच्या खजिन्याशी जोडलेले असावे. दुसरी, जेथे प्रदेश अनेक, जमाती अनेक, तेथे वाटणी त्यांनीच एकत्र बसून, एकमेकांची उलटतपासणी करून ठरवावी. दात्याने फक्त ते एकमताने आल्याशिवाय थैली सोडू नये. तिसरी, मदतीला मुदत असावी, म्हणजे दोघांनाही तिची सवय लागणार नाही; मार्शल योजना चार वर्षांच्या आत आटोपली, हे तिच्या यशाचे एक कारण आहे. आणि चौथी, ज्याच्यासाठी पैसा आला त्या शेवटच्या माणसाला, त्याच्या भाषेत, त्याच्या गावात, तो हिशेब वाचता यावा.

आपला देश दीर्घकाळ घेणारा होता. १९५८ साली आपल्याला मदत देणाऱ्या राष्ट्रांचा संघ जागतिक बँकेच्या पुढाकाराने वॉशिंग्टनला बसला, तेव्हा टेबलाच्या त्या बाजूचे अपमान आपण अनुभवले, आणि आपल्या योजनेचा आग्रह न सोडता मदत कशी घ्यावी हेही शिकलो. आता आपण देणाऱ्यांच्या बाजूस बसू लागलो आहोत. श्रीलंकेत, नेपाळात, आफ्रिकेत आपली माणसे कामे उभारीत आहेत. देणाऱ्याला आपल्या दातृत्वाचा मोह लवकर पडतो. तो मोह टाळावयाचा तर आपण जे देतो त्याची वाटणी करण्याचा अधिकार घेणाऱ्याच्या हाती देण्याची हिंमत आपल्यात असली पाहिजे, आणि आपली स्वतःची वहीही त्याच्यापुढे उघडी ठेवण्याची तयारी असली पाहिजे. ब्रेटन वुड्सला आपल्या प्रतिनिधींनी दुर्लक्षितांचा विचार करण्याची मागणी जगापुढे केली होती; आज तिची पूर्तता करणे आपल्याच हातात आले आहे, आणि तसे करण्यात आपण कसूर केली तर आपल्याला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविता येणार नाही.